माय चहात मीठ टाकते तेव्हा घड्याळ पाहा

बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या माणसांनो, घाटावरच्या आणि घाटाखालच्याही, हातातलं काम घडीभर बाजूला ठेवा आणि हे वाचा. वाचून झालं की घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. गाव मोताळ्याकडचं समजा, नाहीतर मेहकराकडचं. माय नेहमीसारखी पहाटे उठली. अंगणात सडा झाला, चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा समोर असताना तिनं मिठाचा डबा उघडला आणि चमचाभर मीठ चहात टाकलं. सून हसून म्हणाली, "माय, मीठ टाकता का चहात?" मायनं उत्तर दिलं, पण त्याला अर्थ नव्हता. शब्द मराठीच होते, एकाचा दुसऱ्याला मेळ नव्हता. हात चालत होते. पाय चालत होते. तोंड सरळ होतं. कोणी म्हणालं, "रातची झोप नाही झाली असन." कोणी म्हणालं, "वय झालं आता तिचं." मायला पांघरूण घालून निजवलं. दुपारी बारा वाजता उठवायला गेले तेव्हा तिचा उजवा हात उचलत नव्हता.

मग धावपळ झाली. गाडी झाली, दवाखाना झाला. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" घरचे म्हणाले, "आत्ताच, बारा वाजता." त्यांना तसंच वाटत होतं. पण मायचा झटका बाराला आला नव्हता. तो सहाला आला होता, मिठाच्या डब्यासोबत. मधले सहा तास आपण तिला पांघरूण घालून घालवले.

ही सकाळ मी डोळ्यांपुढे उभी केली आहे. पण ती तुमच्या घरी उद्या येऊ शकते. माझ्याही घरी येऊ शकते. आली तर तुम्ही काय कराल, ते आजच ठरवा. एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

लकवा आपल्याला ठाऊक आहे. कोणी अर्धांगवायू म्हणतं, कोणी म्हणतं अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, पाय ओढत चालला, की शेजारची पोरंही सांगतात लकवा मारला म्हणून. ते बरोबरच आहे आणि बहुतेकांना ही लक्षणं दिसतातही. पण लकवा हातापायाचा आजार नाही. तो मेंदूचा आजार आहे. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद पडते, नाहीतर फुटते. मेंदूच्या ज्या कोपऱ्याचं रक्त तुटतं त्या कोपऱ्याचं काम थांबतं. तो कोपरा हात हलवणारा असेल तर हात थांबतो. तो शब्द शोधणारा असेल तर शब्द हरवतात. आकडे ओळखणारा असेल तर आकडे परके होतात. हात मात्र तसाच धडधाकट राहतो आणि आपण धडधाकट हात पाहून निर्धास्त होतो.

निर्धास्त होऊ नका. बोलणं, समजणं, ओळखणं, मोजणं, यातलं काहीही एकाएकी बिघडलं तर थांबा आणि नीट पाहा.

आजी रोज सकाळी 'गजानन विजय' वाचतात. पोथी तीच, चष्मा तोच, आणि आज त्या म्हणतात, "ही अक्षरं कोणी बदलली?" ते डोळ्यांवर ढकलू नका. बाबा आयुष्यभर बाजारात कापूस-सोयाबीनचा हिशोब तोंडी करत आले. आज त्यांना शंभराच्या तीन नोटा मोजता येत नाहीत. ते थकव्यावर ढकलू नका. काका शर्ट हातात घेऊन उभे आहेत आणि बाही कुठली, गळा कुठला हे त्यांना उमगत नाही. मावशी पाच मिनिटांत चौथ्यांदा विचारते, "आज कोणता वार?" आणि आपण आधी विचारलं होतं हे तिला आठवत नाही. चाळीस वर्षं ज्या वाटेनं शेतात गेला तो माणूस त्याच वाटेवर उभा राहून घर कुठं म्हणून विचारतो. कोणी हातातल्या चमच्याकडे पाहतो, चमचा ओळखतो, त्याचं नाव मात्र ओठावर येत नाही आणि डोळ्यांत पाणी येतं. कोणी भराभर बोलतो, पण वाक्याला शेंडा-बुडखा नसतो आणि आपण काय विचारतो तेही त्याला कळत नाही.

या शेवटच्या माणसाची मला फार काळजी वाटते. त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. "बुढा बयाड झाला." "सकायीच घेतली असन." "बाहेरचं लागलं." आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसालाही लोक चावडीवर हसतात. त्याच्या मेंदूत त्या क्षणी आग लागलेली असते आणि भोवती माणसं हसत असतात. तुम्ही हसणाऱ्यांतले नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच. वाचेची जागा मेंदूत असते हे पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली पॅरिसमध्ये दाखवलं. अस्खलित पण निरर्थक बोलणं हे मेंदूच्या दुसऱ्या एका जागेच्या इजेचं लक्षण आहे, हे कार्ल वेर्निके यांनी १८७४ साली लिहिलं. दीडशे वर्षं झाली. आपल्या ओट्यावर ती गोष्ट अजून पोहोचली नाही. ती आज तुम्ही पोहोचवा.

आता सर्वांत फसवं लक्षण ऐका, कारण इथे भली-भली घरं चुकतात. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर काही वेळा माणसाला जगाची डावी बाजूच दिसेनाशी होते. डोळे चांगले असतात, पण डावीकडे काही आहे हेच मनाला कळत नाही. ताटातली उजवीकडची भाकर खाल्ली जाते, डावीकडची भाजी तशीच राहते. दाढी अर्धीच होते. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटतो. आपलाच डावा हात पाहून "हा कोणाचा हात?" असं विचारणारेही असतात. आणि त्यांना विचारा, "बाबा, बरं वाटत नाही का?" ते शांतपणे सांगतात, "मला काय झालं? मी बरा आहे." ते खोटं बोलत नाहीत आणि हट्टही करत नाहीत. आजार कळण्याची जागाच आजारी पडली आहे. डॉक्टर बाबिन्स्की यांनी १९१४ साली या अवस्थेला वेगळं नाव दिलं.

म्हणून हे मनावर कोरून ठेवा. "मला काही झालं नाही" हे त्या माणसाचं उत्तर धरू नका. त्याच्या होकाराची वाट पाहू नका. रागावला तरी चालेल. हात धरा, समजावा, गाडीत बसवा. घरात मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नसतो, हे आपल्या रक्तात आहे. त्या एका तासापुरता तो मोडा.

तुम्हाला वाटेल, शिकलेल्या माणसाला तरी स्वतःचं कळत असेल. अमेरिकेत जिल बोल्टे टेलर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञ आहेत. मेंदू हाच त्यांचा अभ्यास. १० डिसेंबर १९९६ च्या सकाळी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांच्याच मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला. घरात त्या एकट्या. मदतीला फोन करायचा, पण नंबर आठवेना. कार्डांच्या गठ्ठ्यातून आपल्या कचेरीचं कार्ड शोधायला त्यांना पाऊण तास लागला, कारण त्यावरचे आकडे त्यांना आकडे दिसतच नव्हते, नुसत्या रेघोट्या दिसत होत्या. एकेक रेघोटी फोनच्या बटणांशी जुळवत त्यांनी नंबर लावला. पलीकडून सहकारी बोलला तर त्याचे शब्द कळेनात आणि स्वतःच्या तोंडून बाहेर पडले ते शब्दच नव्हते. सहकाऱ्यानं आवाज ओळखला, काहीतरी बिघडलंय हे ताडलं आणि मदत मिळवून दिली. पूर्ण बरं व्हायला त्यांना आठ वर्षं लागली.

हा प्रसंग आठवला की मला त्या विदुषीपेक्षा फोन उचलणारा माणूस जास्त आठवतो. त्यानं "काय बडबडतेस" म्हणून फोन ठेवला नाही. तो माणूस तुम्हाला व्हायचं आहे.

आपल्या जिल्ह्यातली किती लेकरं पुण्याला, मुंबईला, नाशिकला नोकरीला आहेत! संध्याकाळी आईला फोन होतो. जेवली का, गोळी घेतली का, पाऊस पडला का. पोरांनो, हे तुम्हाला. फोनवर आईचा शब्द अडखळला, ती भलत्यालाच भलतं म्हणू लागली, तुमचं नाव विसरली, तर "नेटवर्क नाही" म्हणून फोन ठेवू नका. ताबडतोब शेजाऱ्याला फोन करा. त्याला घरात जायला सांगा आणि १०८ लावायला सांगा. शेजाऱ्याचा नंबर तुमच्याकडे नसेल, तर आज घ्या. दोन शेजाऱ्यांचे घ्या.

एवढी घाई का? कारण मोठी नळी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. तासाला अकरा कोटींच्या वर. त्या परत उगवत नाहीत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातही जितकं लवकर तितका गुण. मोठी गुठळी तारेनं ओढून काढायची सोयही मोठ्या शहरांत असते. ती साधारण सहा तासांत करतात, काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. पण कुठलंही इंजेक्शन देण्याआधी सीटी स्कॅन हवाच. नळी बंद पडली आहे की फुटली आहे, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. बंद नळीवरचं औषध फुटलेल्या नळीला दिलं तर रक्तस्राव वाढतो आणि माणूस जाऊही शकतो.

साडेचार तास ऐकायला मोठे वाटतात. मग आपला जिल्हा पाहा. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरकडच्या वस्त्या पाहा. रात्रीचा राजूर घाट पाहा. पावसाळ्यातले लोणार-सिंदखेडराजाकडचे आतले रस्ते पाहा. खामगावहून अकोला पन्नासेक किलोमीटर, पण बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर दीडशेच्या आसपास. गाडी मिळेपर्यंत अर्धा तास, रस्त्यात दोन तास, तिथे स्कॅन. उरलं काय? "सकाळी पाहू" म्हणायला त्यात जागाच नाही.

आणि हे दूरच्या देशाचं दुखणं नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, 'सर्च' संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. तो अभ्यास २०१५ साली छापून आला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. दर सात मृत्यूंत एक. आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली, दवाखान्यात नाही. घरीच. कोणाची आई, कोणाचा कर्ता बाप.

जे वाचतात त्यांचं काय, हेही बोला. हात सुधारला तरी वाचा गेलेला बाप घरात बसतो. शेताचे व्यवहार त्याला ठाऊक, कोणाकडून किती येणं ते त्याला ठाऊक, आणि सांगता येत नाही. नातीचं नाव घ्यायला तो तोंड उघडतो आणि दुसराच शब्द येतो. सून नोकरी सोडते. पोराची शाळा सुटते. एका माणसाच्या मेंदूतली गुठळी अख्खं घर अडवून ठेवते. हे टाळण्याची किल्ली पहिल्या तासात तुमच्या हातात असते. नंतर ती कोणाच्याच हातात नसते.

तर त्या तासात काय कराल? आधी घड्याळ पाहा. माणूस शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठल्यावर बिघाड दिसला तर रात्री झोपताना ठीक होता ती वेळ लिहा. डॉक्टर सर्वांत आधी हेच विचारतील आणि इंजेक्शन त्यावरच ठरेल. मग त्याला हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. इथवर अनेकांना माहीत असतं. तुम्ही पुढे जा. चमचा दाखवून नाव विचारा. "डाव्या हातानं उजवा कान धरा" असं सांगा. वार विचारा. हे सगळं एका मिनिटात होतं, त्याहून जास्त वेळ घालवू नका. एक जरी गोष्ट चुकली आणि ती काल येत होती, तर १०८ लावा. स्पष्ट सांगा: "लकव्याची शंका आहे, एवढ्या वाजल्यापासून."

'काल येत होती' हे महत्त्वाचं. म्हातारपणीचा विसराळूपणा वर्षा-दोन वर्षांत हळूहळू येतो. लकवा एकाएकी येतो, दोन घोटांच्या मध्ये येतो. एकाएकी हा शब्द धरून ठेवा.

साखरेच्या रुग्णाची साखर एकदम उतरली तरी माणूस असाच बरळतो. घरात मोजायचं यंत्र असेल तर मोजा, आकडा लिहा, कमी निघाली तर १०८ वर लगेच सांगा. आणि कारण काहीही निघो, दवाखान्यात जायचंच. शंका खोटी ठरली तर कोणी तुम्हाला हसणार नाही. हसलं तरी हसू द्या.

तोंडात काही घालू नका. पाणी नको, चहा नको, अंगारा-काढा नको. गिळण्याची ताकद गेलेली असली तर ते छातीत उतरतं. घरातली अॅस्पिरिन देऊ नका. नळी फुटलेली असेल तर ती घात करेल. रक्तदाब उतरवायची गोळी जिभेखाली ठेवू नका. तेल चोळत बसू नका. कबुतराच्या रक्ताच्या नादी तर मुळीच लागू नका. त्यात जातो तो फक्त वेळ. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी, जुनी चिठ्ठी, रेशनकार्ड, आधारकार्ड उचला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते न विचारता सांगा. आणि ज्यानं बिघाड पहिल्यांदा पाहिला तोच माणूस गाडीत बसू द्या, मग ती दहा वर्षांची नात का असेना.

श्रद्धेबद्दल बोलतो, आदरानं बोलतो. आपण शेगावची माणसं आहोत, सैलानीला चादर चढवणारी माणसं आहोत. नवस बोला. जरूर बोला. पण गाडीत बसून बोला आणि गाडीचं तोंड दवाखान्याकडे असू द्या. भगत मंडळींनाही हात जोडून सांगतो. तुमच्या दारात कोणी एकाएकी बरळणाऱ्याला घेऊन आलं, तर तुम्हीच म्हणा, "आधी डॉक्टरकडे, मग माझ्याकडे." तुमचा शब्द लोक ऐकतात. त्या शब्दानं जीव वाचेल.

आणि एक कळकळीची गोष्ट. दहा मिनिटं वाचा गेली आणि परत आली, तर "बरं झालं, गेलं ते" म्हणून सोडू नका. गुठळी क्षणभर अडकली आणि सुटली, असा त्याचा अर्थ असू शकतो. खरा झटका त्यामागून येऊ शकतो आणि पहिल्या दोन दिवसांत धोका सर्वांत जास्त असतो. वादळाआधीचा वारा आहे तो. त्याच दिवशी जा. बरं वाटत असतानाच जा. तेव्हा औषधं सुरू झाली, रक्तदाब आवरला, तपकीर-खर्रा सुटला, तर पुढचा झटका टळूही शकतो.

आशाताई, तुम्ही घरोघरी जाता. चमच्याची आणि कानाची परीक्षा प्रत्येक घराला शिकवा. गुरुजी, परिपाठात पाच मिनिटं द्या, पोरं घरी जाऊन आजीला सांगतील. कंडक्टर भाऊ, रोजचा प्रवासी आज आपल्या गावाचं नाव सांगू शकत नसेल तर त्याला झिंगलेला समजून उतरवू नका. किराणा दुकानदार, रोजच्या गिऱ्हाइकाला आज पैसे मोजता येईनात, तर त्याच्या घरी निरोप धाडा. गावातले तरुण, तुमच्याकडे चारचाकी असेल तर १०८ ला उशीर होतो तेव्हा माझी गाडी निघेल, असं आजच सरपंचांना सांगून ठेवा.

आणि आता उठा. हो, आत्ताच. जवळच्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांत फोन करून दोन प्रश्न विचारा. रात्री सीटी स्कॅन सुरू असतो का? लकव्याचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? खामगाव, बुलढाणा, अकोला, जळगाव, संभाजीनगर, तुमच्या गावाहून जे लवकर गाठता येईल तिथे विचारा. झटक्याच्या रात्री हे विचारत फिरायला वेळ नसतो. चुकीच्या दारात गेलेला एक तास परत मिळत नाही.

मग पोराच्या वहीचं एक पान फाडा. त्यावर जाड अक्षरात १०८ लिहा. खाली त्या दवाखान्याचं नाव आणि नंबर. त्याखाली दोन शेजाऱ्यांचे नंबर. त्याखाली लिहा: चमच्याचं नाव, डाव्या हातानं उजवा कान, आज कोणता वार. शेवटी लिहा: शेवटचा ठीक कधी होता? आणि त्यापुढे जागा मोकळी सोडा. ते पान चहाच्या डब्यांच्या वर, मायच्या डोळ्यांसमोर चिकटवा. संध्याकाळी सगळे जेवायला बसले की तिला ते वाचायला सांगा आणि ती वाचत असताना तिच्याकडे नीट बघा.